गच्चीवरचा जोड

२०१८ सालचा मे महिना. पुण्यात ऊन मी म्हणत होते आणि त्यातच रमजान सुरू झाला होता. नाना पेठेतल्या आमच्या जुन्या घरात दर शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला एक ठरलेला कार्यक्रम असे. कुवेतला शुक्रवारची सुट्टी. तिकडे जुम्याची नमाज आटोपून माझे थोरले भाई घरी यायचे आणि अम्मीला व्हिडिओ कॉल करायचे. अम्मीला कमी ऐकू येई. त्यामुळे ती भाईंशी बोलायची म्हणजे ओरडायचीच. समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही आमच्या घरातल्या सगळ्या बातम्या आपोआप कळत.

त्या मे महिन्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. भाई बोलता बोलता मध्येच थिजायचे. ओठ अर्धवट उघडे, डोळे मिटलेले, आवाज बंद. मिनिटभर तसेच. मग कॉल तुटायचा. अम्मी माझ्याकडे वळून विचारायची, "वो चुप कायकू हुआ रे? गुस्से में है क्या?"

तिला तसे वाटायला कारणही होते. घर बिल्डरला द्यायचे की नाही यावरून त्या दिवसांत दोघांमध्ये थोडी कुरबुर चालली होती. मी तिला समजावी, अम्मी, नेट गेले आहे, भाई रागावलेले नाहीत. तिला ते पटत नसे. ऐंशीच्या घरातल्या बाईला 'नेट गेले' म्हणजे काय गेले हे कसे सांगणार? तिच्या लेखी मुलगा बोलायचा थांबला होता, एवढेच खरे.

आमच्याकडे इंटरनेट यायचे ते टीव्हीच्या केबलमधून. भिंतीतून काळी वायर आत, ती मॉडेमला, मॉडेममधून वायफाय. मी कंपनीच्या ग्राहक केंद्राला फोन केला. "सर, मॉडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." केले. दोनदा माणूस येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी, दहा-साडेदहाला. त्याच्यासमोर मॉडेमचे चारही दिवे शहाण्या मुलांसारखे स्थिर. "सिग्नल ओके आहे," असे कागदावर लिहून त्याने माझी सही घेतली.

सहरीसाठी आम्ही पहाटे चारच्या आधी उठत असू. एका पहाटे सहज मॉडेमकडे लक्ष गेले. दिवे स्थिर. मोबाइलवर व्हिडिओ लावून पाहिला, कुठे अडखळला नाही. तीन-चार दिवस मी हे पाहिले. पहाटे उत्तम, सकाळी ठीक, दुपारी दोननंतर मरगळ, चारला प्राण जायला टेकलेला, रात्री दहानंतर पुन्हा जिवंत. म्हणजे आमचा मॉडेमही रोजा ठेवत होता असे म्हणायला हरकत नव्हती. विनोद बाजूला ठेवला तरी बिघाडाला वेळापत्रक आहे, एवढे मला कळले होते. ते का आहे, ते कळत नव्हते.

मी बी.ए. झालेला माणूस. विजेशी माझा संबंध फ्यूज बांधण्यापुरता. सिग्नल कमी पडतोय तर वाढवावा, असा सरळ विचार करून मी तापकीर गल्लीत गेलो आणि एक बूस्टर विकत आणला. दुकानदार म्हणाला, लावा बिनधास्त. लावला. मॉडेमने मानच टाकली. आधी निदान पहाटे तरी चालत होता, आता चोवीस तास बंद. बूस्टर काढून टाकला आणि ज्याला काही जमत नाही तो जे करतो ते केले. वाचायला बसलो. वाचता वाचता एका केबलचा माग काढत दीडशे वर्षे मागे गेलो.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडजवळचे व्हॅलेन्शिया बेट आणि न्यूफाउंडलंडचा ट्रिनिटी उपसागर यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली तार पूर्ण झाली. सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याने हा ध्यास घेतला होता. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अध्यक्ष ब्युकॅनन यांच्याकडे निघाला. शब्द ९८. पोचायला लागले सुमारे १६ तास. तरीही न्यूयॉर्कमध्ये असा जल्लोष झाला की आतषबाजीच्या ठिणग्यांनी तिथल्या सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली.

या तारेशी आपलाही एक संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन इंग्रज पलटणींना हिंदुस्थानकडे जाण्यासाठी परत बोलावण्यात आले होते. पुढे उठाव दडपला गेला आणि त्यांची गरज उरली नाही. तो हुकूम रद्द करणारा संदेश ऑगस्ट १८५८ च्या अखेरीस याच तारेवरून गेला. त्या एका निरोपाने सुमारे पन्नास हजार पौंडांचा खर्च वाचला असे सांगतात. म्हणजे समुद्राखालच्या या तारेने केलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे.

पण तार आजारी होती. सिग्नल इतका मंद येई की पलीकडच्या माणसाला अक्षर लागत नसे. यावर दोन माणसांची दोन मते होती. एक ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले ते. त्यांचे म्हणणे असे की वीज थोडीच सोडा, ऐकणारे यंत्र अधिक नाजूक करा. त्यांनी एक इवलासा आरसा टांगला होता. तारेतून जरासा प्रवाह आला की आरसा किंचित वळे आणि त्यावर पडलेला दिव्याचा कवडसा समोरच्या पट्टीवर सरके. दुसरे वाइल्डमन व्हाइटहाउस, कंपनीचे वीजतज्ज्ञ. पेशाने मुळात शल्यचिकित्सक. त्यांचे म्हणणे, ऐकू येत नाही ना, मग जोर वाढवा. पाच फूट लांबीची वेटोळी लावून त्यांनी तारेत सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब सोडला. तारेवरचे गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, आवरण आधीच काही ठिकाणी कच्चे होते. या माराने ते आणखी खचले. सप्टेंबरच्या सुरुवातीला तार मुकी झाली. तीन आठवड्यांपूर्वी जल्लोष करणारे लोक आता हा सारा बनाव होता असे म्हणू लागले. व्हाइटहाउस यांना कंपनीने काढून टाकले. पुढे चौकशी समिती बसली आणि १८६१ च्या अहवालानंतर समुद्राखालच्या तारा कशा बनवायच्या, कशा तपासायच्या याला शिस्त आली. टिकणारी तार पडायला १८६६ साल उजाडले. ती टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानेच १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

हे वाचले तेव्हा माझ्यासमोर टेबलावर तापकीर गल्लीतला बूस्टर पडला होता. साडेतीनशे रुपयांचा व्हाइटहाउस! आणि शुक्रवारी चार वाजता मोबाइलमध्ये ओरडणारी अम्मी तरी दुसरे काय करत होती? आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आपण मोठ्याने बोलतो. ही माणसाची फार जुनी सवय आहे.

आमच्या भिंतीतून येणारी काळी गोल वायर कोणी शोधली, तेही सापडले. ऑलिव्हर हेविसाइड, जन्म १८५०, लंडनच्या गरीब वस्तीत. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला आणि ऐकू येणे कमी झाले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तार कंपनीत नोकरी केली, तीही चोविसाव्या वर्षी सोडली. पुढे उभा जन्म घरात बसून गणिते केली. १८८० साली त्यांनी एका केबलचे पेटंट घेतले. मध्ये एक तार, तिच्याभोवती रोधक, त्याभोवती धातूचीच नळी. आतल्या तारेवरून सिग्नल जातो आणि बाहेरची नळी त्याला कवच घालते. आतले बाहेर जात नाही, बाहेरचे आत येत नाही. हीच को-ॲक्सियल केबल. ब्रिटिश पोस्टखात्याचे प्रमुख अभियंते विल्यम प्रीस यांनी हेविसाइड यांच्या संशोधनाची वाट अनेकदा अडवली, हा इतिहास प्रसिद्ध आहे. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हते त्याने जगाला स्वच्छ ऐकू यावे म्हणून जन्म घालवला. कवी म्हणून मला यापुढे काही बोलायचे सुचत नाही.

हेविसाइड यांची कल्पना व्यवहारात यायला पुढे पन्नास वर्षे गेली. अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये आधुनिक को-ॲक्सियल पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३६ मध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या दरम्यान प्रायोगिक केबल पडली. दरम्यान सिग्नल किती गळतो हे मोजायचे मापही तयार झाले होते. पूर्वी टेलिफोनवाले 'प्रमाण केबलचा एक मैल' असे माप वापरत, म्हणजे एक मैल ठराविक तारेतून जाताना आवाज जेवढा विरेल तेवढा. १९२० च्या दशकात त्याजागी नवे एकक आले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. हे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी. घरात एका वायरीच्या दोन करणारी जी छोटी डबी असते, जिला आपण स्प्लिटर म्हणतो, ती दर फाट्याला साडेतीन डेसिबल खाते. चार फाट्यांची डबी सातच्या आसपास. म्हणजे एका टीव्हीचे चार टीव्ही केले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा. भाकरी वाटावी तसाच हा हिशेब आहे.

केबल टीव्हीचा जन्म मोठ्या शहरात झाला नाही, ही गोष्ट मला आवडते. तो आडगावात झाला. १९४८ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ॲस्टोरिया या गावी एड पार्सन्स नावाचे गृहस्थ होते. रेडिओ स्टेशन चालवायचे. त्यांच्या पत्नीला टीव्ही पाहायचा होता. जवळचे केंद्र सिएटलला, सव्वाशे मैलांवर, मध्ये डोंगर. पार्सन्स यांनी हॉटेलच्या गच्चीवर अँटेना उभा केला, तिथे चित्र मिळाले, ते वायरने घरी आणले. मग काय, गाव घरात लोटले. शेवटी त्यांनी वायर हॉटेलच्या दिवाणखान्यात आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात नेली, तेव्हा कुठे घर मोकळे झाले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना पार्सन्सबाईंचे दुःख नक्की समजले असते. आम्हीही चपला बाहेर काढून त्या गर्दीत बसत असू.

आमच्या घरात केबल आली ती मात्र करमणुकीसाठी नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले. भाई तेव्हा तिथेच नोकरीला होते. टेलिफोन बंद, पत्र नाही, तार नाही. अम्मीने ते आठवडे कसे काढले ते मी पाहिले आहे. ती रेडिओला कान लावून बसायची. तेव्हा तिचे कान चांगले होते. भारत सरकारने आणि एअर इंडियाने अम्मानवरून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मुंबईला आणले, त्यात भाई एक. सहारच्या विमानतळावर ते उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती.

१७ जानेवारी १९९१ च्या पहाटे बगदादवर बाँब पडू लागले. त्या रात्री सीएनएनचे तीन वार्ताहर अल रशीद हॉटेलच्या खोलीतून बोलत राहिले, कारण त्यांच्याजवळ स्वतंत्रपणे घेतलेली एक टेलिफोन लाइन होती. बाकीच्यांच्या लाइनी तुटल्या, ती एक वाचली. जगाने युद्ध ऐकले ते त्या एका तारेवर. आपल्याकडे बड्या हॉटेलांत लोक ते पाहायला जमले आणि डिशचे महत्त्व सगळ्यांना कळले. मुंबईत इमारतींमध्ये व्हिडिओ लावून गच्च्यांवरून वायरी टाकणारे लोक आधीपासून होतेच. त्यांनी डिश बसवल्या. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाला. सरकारचा कायदा आला १९९५ साली, तोपर्यंत देशभर वायरी झाडांवरून, खांबांवरून, गच्च्यांवरून पसरून गेल्या होत्या. भाई १९९२ मध्ये पुन्हा कुवेतला गेले. ते गेल्यावर आठच दिवसांत अम्मी मला म्हणाली, गल्लीत ती वायर आली आहे म्हणे, आपल्याकडेही घे. तिला तिकडे पुन्हा काही पेटले तर कळायला हवे होते.

केबलचा मूळ स्वभाव एकमार्गी. केंद्र बोलणार, घरे ऐकणार. इंटरनेटला हे चालत नाही. तिथे घरालाही बोलावे लागते. १९९० च्या दशकात अमेरिकेत रुझबेह यासिनी नावाच्या, इराणमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने लॅनसिटी या कंपनीतून केबल मॉडेम व्यवहारात आणला. सुरुवातीच्या मॉडेमची किंमत हजारो डॉलरांत होती. मार्च १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचे प्रमाण जाहीर झाले, कोणत्याही कंपनीचा मॉडेम कोणत्याही केबलवर चालू लागला आणि किंमत उतरली. एकाच वायरीत जाण्याचा आणि येण्याचा असे दोन रस्ते केले गेले. केंद्राकडून घराकडे येणारा रस्ता रुंद, वरच्या कंप्रतांचा. घराकडून केंद्राकडे जाणारा अगदी अरुंद, अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ.

सगळी गोम या परतीच्या रस्त्यात आहे. जाताना एका केंद्रातून निघालेला सिग्नल शेकडो घरांत वाटला जातो. परतताना शेकडो घरांतून निघालेले सारे काही एका ठिकाणी येऊन मिळते, गल्लीतली सगळी गटारे एका नाल्यात यावीत तसे. कुणाच्या घरी जोड सैल असेल, कवच फाटले असेल, तर तिथून मिक्सरच्या, पंख्याच्या मोटारीची खरखर आत शिरते. लघुलहरींची रेडिओ केंद्रेही याच कंप्रतांच्या टापूत बोलतात, तीही शिरतात. एका घरातला गोंगाट सगळ्या गल्लीचे बोलणे बुडवू शकतो. आणि माझा बूस्टर? तो जुन्या पद्धतीचा एकमार्गी होता. आलेला सिग्नल त्याने वाढवला, पण मॉडेमच्या तोंडावर हात ठेवला.

इतके वाचून झाले तोवर रमजानचा शेवटचा आठवडा आला होता. मी ग्राहक केंद्राला पुन्हा फोन केला आणि या वेळी एवढेच म्हणालो, माणूस पाठवायचा तर दुपारी तीनला पाठवा. आला. पंचविशीचा पोरगा, पाठीला सॅक, हातात मीटर. त्याने आधी मॉडेमला हात लावला नाही. मोबाइलवर मॉडेमचे आतले पान उघडले आणि मला आकडे दाखवले. "काका, येणारा सिग्नल शून्याच्या जवळपास पाहिजे, सात खाली, सात वर चालतो. तुमचा उणे अकरा आहे. पण हे बघा, जाणारा. पन्नाशीच्या वर गेलाय. म्हणजे तुमचा मॉडेम ओरडतोय."

मी चमकलो. त्याने समजावून सांगितले. केंद्राला मॉडेमचे नीट ऐकू आले नाही की ते त्याला सांगते, मोठ्याने बोल. वाटेत गळती जितकी जास्त तितका मॉडेम मोठ्याने बोलतो. त्याच्या ताकदीची हद्द संपली की लाइन तुटते. मी नकळत अम्मीच्या खोलीकडे पाहिले.

त्याची पद्धत साधी होती. टोकाकडून मागे मागे यायचे आणि प्रत्येक जोडाला मोजायचे. माळ्यावर चार फाट्यांची एक गंजकी डबी निघाली. तीन फाटे उघडे, एकच वापरात. ती काढली, आकडे सुधारले, पण पुरेसे नाहीत. मग वायर जिथून घरात येते तिथे मोजले. तिथेही कमी. म्हणजे दुखणे बाहेर. आम्ही गच्चीवर गेलो. पत्रा तापून पाय ठेववत नव्हता.

तिथे तो म्हणाला, "काका, एक सांगू का? रोज दुपारी अख्ख्या गल्लीचं नेट खराब होतंय. आम्ही खांबावर एकेक घर काढून पाहिलं. तुमची वायर काढली की गल्ली शांत होते."

हे वाक्य ऐकून मी जरा वेळ गप्प राहिलो. त्याच्या मनात काही नव्हते, तो आपले काम सांगत होता. पण गल्लीतली गडबड आमच्या घरातून होते, हे ऐकणे माझ्यासारख्याला तितके सोपे नसते. मी म्हणालो, दाखव.

कठड्याच्या खाली, पाण्याच्या टाकीमागे, काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा होता. उन्हाने पट्टी सुकून तडकली होती. त्याने ती सोलली. आत वायर कापून तीन टोके हाताने पिळून एकत्र बांधलेली. ना कनेक्टर, ना डबी. बाहेरची जाळी उसवून नुसती गुंडाळलेली, हिरवी पडलेली. एक टोक केंद्राकडे, एक आमच्या घरात आणि तिसरे कठड्यावरून पलीकडच्या भिंतीवर लोंबत होते, तुटलेले, उघडे. "हा बघा तुमचा अँटेना," पोरगा म्हणाला. "दुपारी तांबं तापून सैल होतं. पहाटे गार झालं की पुन्हा टेकतं. जगातला सगळा कचरा या टोकातून आत येतोय. कुठल्या गाढवाने केला हा जोड?"

तो गाढव मी होतो. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या घरातल्या काकूंना त्यावरच्या मालिका पाहायच्या होत्या. काका निवृत्त, केबलचे पैसे द्यायची ऐपत नव्हती. काकू अम्मीच्या मैत्रीण. मला टायफॉइड झाला होता तेव्हा पंधरा दिवस त्यांच्याकडून भाताची पेज येत होती. अम्मी म्हणाली, अपनी वायर उनको भी दे. मी रात्री गच्चीवर जाऊन, बॅटरी तोंडात धरून, सुरीने वायर सोलली आणि पिळून जोड मारला. केबलवाल्याची चोरीच होती ती, आज कबूल करतो. काकूंनी अनेक वर्षे मालिका पाहिल्या. मग त्यांची इमारत पाडली, त्या मुलाकडे राहायला गेल्या. वायर कुणीतरी तिथून कापली. जोड तसाच राहिला. पुढे केबल डिजिटल झाली, त्यातून इंटरनेट आले, आणि आमचे सगळे बोलणे त्या पिळलेल्या तांब्यावरून जात राहिले.

पोरग्याने जुना तुकडा कापून काढला. नवी वायर टाकली. टोक सोलून त्यावर कनेक्टर दाबून बसवला. या कनेक्टरला वेगळी पिन नसते, वायरीची मधली तारच पिन होते. म्हणून ती सरळ आणि स्वच्छ असावी लागते, नख लावून पाहायची, काळी वाटली तर कापून पुन्हा सोलायची. कनेक्टर हाताने पूर्ण घट्ट करून वर पान्याने किंचित आवळला. घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल दिला, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता तिथेच टपकते. खाली आलो. येणारा सिग्नल उणे दोन. जाणारा बेचाळीस. "आता नीट बोलतोय," तो म्हणाला.

ज्यांच्या घरी आजही केबलचे इंटरनेट आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. आधी बिघाडाची वेळ लिहून ठेवा, तंत्रज्ञाला त्याच वेळी बोलवा. मधले सगळे फाटे काढून मॉडेम थेट आत येणाऱ्या वायरीला लावून पाहा. उघडे फाटे ठेवू नका. बूस्टर सर्वांत शेवटी, आणि तोही परतीचा रस्ता मोकळा ठेवणारा. आणि गच्चीवर एकदा चक्कर मारा.

त्या शुक्रवारी चार वाजता भाईंचा कॉल आला. पंचवीस मिनिटे चालला. घराचा विषय निघाला, वाद झाला, अम्मी चिडली, भाईही चिडले. कुणीही मध्येच थिजले नाही. शेवटी भाई म्हणाले, ठीक आहे अम्मी, तू आहेस तोवर घर राहू दे. अम्मी मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "आज साफ सुना." ओरडत मात्र ती होतीच. सगळ्याच गोष्टी पान्याने आवळून बसत नाहीत.

पुढच्या वर्षी अम्मी गेली. २०२१ मध्ये आमच्याकडे फायबर आले. आता वायरीतून वीज येत नाही, प्रकाश येतो. मिक्सरची खरखर त्यात शिरत नाही. जुनी काळी वायर काढायला माणूस आला तेव्हा त्याने विचारले, ही टाकून देऊ? मी म्हटले, दे. गच्चीवरचा तो पिळलेला जोड मात्र पोरग्याने कापला त्या दिवशीच मी खिशात घातला होता. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. काकूंच्या मुलाचा नंबर मिळवला आहे. एकदा फोन करायचा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)